चषकावरचं वाकडं अक्षर

आमचे हे नावं कोरतात. दारावरच्या पाट्या, शाळांच्या ढाली, निवृत्त होणाऱ्याला द्यायची घड्याळं, धातूवर जे काही लिहायचं असेल ते आमच्या दुकानात येतं. आणि दर चार वर्षांनी फुटबॉलचा अंतिम सामना कुठंही असो, जिंकलेल्या देशाचं नाव चषकावर जागच्या जागी हातानं कोरायला महासंघ यांनाच बोलावून नेतो. वीस वर्षांचा मान आहे हा. शेवटची शिट्टी वाजली की यांच्या हातात सहा मिनिटं. सातव्या मिनिटाला चषक कर्णधाराकडे गेलाच पाहिजे.

हे सगळं लोकांना माहीत असलेलं. माहीत नसलेलं असं, की तीन वर्षांपूर्वी यांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, हे वाढत जाणार. त्या दिवसापासून दुकानातलं सगळं कोरकाम मी करते. सत्तावीस वर्षं यांच्या शेजारी बसून काय माशा मारत होते का मी? यांची अक्षरं, यांची वळणं, शेवटी जरा वर उचललेली रेघ, सगळं माझ्या बोटांत उतरलंय. गिऱ्हाईक पुढच्या खोलीत यांच्याशी गप्पा मारतं, मी मागच्या खोलीत कोरते, हे आतून आणून देतात आणि वाहवा घेतात. मी तोंडाला कुलूप लावलं होतं. नवऱ्याची अब्रू ती आपली अब्रू, असं म्हणायचं आणि गिळायचं.

यंदा अंतिम सामना आमच्याच शहरात, आणि आपला संघ पहिल्यांदा तिथवर पोचलेला. महासंघाचा अर्ज आला. कोरणारा एक, मदतनीस एक. यांनी तो भरून टेबलावर ठेवला होता. मदतनीस म्हणून माझं नाव, आणि पुढं काम लिहिलेलं, 'सामान धरणे'.

माझ्या डोक्यात तिडीकच गेली. "तीन वर्षं मी कोरतेय आणि मी सामान धरणारी?"

"अगं, तिथं लिहायचं म्हणून लिहिलं. मी टेबलापुढं आडवा उभा राहतो, तू मागून कोर. कुणाला दिसायचं नाही."

"दिसलं तर काय होईल?"

"लाखभर लोकांसमोर बायकोच्या हातून काम करून घेतो म्हणतील. वीस वर्षांचं नाव आहे माझं."

"मग कोरा तुमचं तुम्हीच," मी म्हणाले.

सामन्याच्या दिवशी दुपारी बूट घालताना हे बराच वेळ दाराशी रेंगाळले. मी कपड्यांच्या घड्या घालत बसले. मला वाटलं, विचारतील पुन्हा. त्यांना वाटलं असेल, उठेल ही. दोघंही एका माळेचे मणी. ते गेले.

नणंद आली होती सामना बघायला. आपल्या संघानं पहिल्या अर्ध्या तासातच गोल केला तेव्हा ती सोफ्यावर उभी राहून ओरडली. मी घड्याळ बघत होते. आपल्या देशाचं नाव चार अक्षरांचं, समोरच्या देशाचं नऊ. सहा मिनिटांत चार होतील का यांच्याकडून? दीड मिनिटाला एक. मला चार जमलीच असती, नऊही जमली असती.

त्र्याऐंशीव्या मिनिटाला कॅमेरा मैदानावरून निघाला आणि थेट चषकावर गेला. वाळूच्या उशीवर आडवा चषक, त्यावर यांचा हात. आणि हातात कोरणी.

"बघा बघा," समालोचक हसला, "कोरणाऱ्यांना सामना संपायचाही धीर नाही! आपलं नाव कोरायला घेतलंसुद्धा!"

नणंद टाळ्या पिटायला लागली. धीर नव्हता म्हणून नव्हे हो, सहा मिनिटं पुरणार नाहीत म्हणून! डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलेलं मला दिसत होतं. पहिलं अक्षर खाली घसरत चाललं होतं. मी टीव्हीला म्हणाले, "थांबा, अहो थांबा." नणंद माझ्याकडे बघतच राहिली.

एकोणनव्वदाव्या मिनिटाला समोरच्या संघानं बरोबरी केली. जादा वेळेत त्यांचाच दुसरा गोल. त्यांचा कर्णधार चषक उंचावत होता तेव्हा त्यावर आपल्या देशाचं एक वाकडं अक्षर होतं, आणि सगळ्या जगानं ते पाहिलं.

"दादाला एवढी कसली घाई होती गं?" नणंद रडत म्हणाली. मी टीव्ही बंद केला.

मग व्हायचं तेच झालं. अपशकुनी म्हणाले, करंटा म्हणाले. फोन काढून ठेवावा लागला. दुकानाच्या शटरवर कुणी डांबर फासलं. अकरा जण हरले आणि शिव्या एकाला. हे दोन दिवस जेवले नाहीत. मीही नाही. मी उठले असते त्या दिवशी, पायात चप्पल सरकवली असती, तर? पण उठले नाही.

तिसऱ्या दिवशी महासंघाचे सेक्रेटरी साहेब स्वतः चषक घेऊन आले. आजच्या आज दुरुस्त करून पाहुण्या संघाला परत द्यायचा होता. साहेब पुढच्या खोलीत चहा घेत बसले. आम्ही आत. आधी मी आपलं अक्षर खरवडून काढलं, चांदी घोटून सारखी केली. मग त्यांची नऊ अक्षरं. हे दिवा धरून उभे होते, उजेड सारखा हलत होता. "खाली ठेवा तो," मी म्हणाले. त्यांनी ठेवला.

साहेबांनी भिंग लावून पाहिलं. "व्वा! हात अगदी तसाच आहे की तुमचा. मग त्या दिवशी काय झालं होतं हो?"

मी कपबशा उचलत होते. थांबले.

"साहेब, हे मी नाही कोरलं," हे म्हणाले. "हिनं कोरलंय. तीन वर्षं सगळं हीच कोरते. माझा हात गेलाय."

माझे डोळे भरून आले. बोलला गं बाई एकदाचा माणूस.

साहेब खदखदून हसले. "असा नवरा मिळायला भाग्य लागतं, वहिनी! सगळं श्रेय बायकोला देऊन मोकळे! मी घरी असं बोललो तर बायको विचारेल, आज काय काम काढलंत?"

मी यांच्याकडे पाहिलं. पुन्हा सांगा. मोठ्यानं सांगा. द्या माझ्या हातात कोरणी, इथंच दाखवते.

हे साहेबांबरोबर हसले.

साहेबांनी चषक दुरुस्त करून परत दिल्याचा कागद पुढं केला. यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरून सही केली. ती पार वेडीवाकडी झाली. साहेबांनी न बघताच कागदाची घडी घालून खिशात ठेवली.