मागून ओळ उचलणारे बाबा

बाबा गेले, आणि मी अमेरिकेतल्या एका बँडचा व्हिडिओ लावून रडतोय.

हसू नका. सांगतो.

वसमतला दुकानात बसल्या बसल्या मला हा बँड सापडला. चौघं जण आजचे, जीन्सवाले. गाणी मात्र त्यांच्या पणजोबांच्या काळातली, तिकडच्या खेड्यापाड्यातली. एकच माइक आणि चौघं त्याच्याभोवती दाटीवाटीनं उभे. मी येडाच झालो. आठवडाभर दुसरं काही ऐकलं नाही.

साखऱ्याला घरी गेलो तेव्हा बाबांना दाखवला. ते मेंढीच्या खुराला औषध लावत होते. हात भरलेले, म्हणून मोबाइल मीच धरला.

"एकच माइक? दुसरा घ्यायची ऐपत न्हाई व्हय यांची?"

मग डोळे पडद्यावरच खिळले. मेंढी हातातून सुटून गेली तरी कळलं नाही.

"त्यो मागचा दाढीवाला बघ. पुढं गानाऱ्या बाईचा दम सरला की बराबर ओळ उचलून राहिला. लई चांगला हाय त्यो."

मी तो व्हिडिओ शंभरदा पाहिला असेल. दाढीवाला मला दिसलाच नव्हता.

बाबांना दिसणारच. गावच्या भजनी मंडळात ते जन्मभर मागंच बसले. किसनकाका पुढं गाणार, बाबा मागून ओळ उचलणार, मग बाकीचे त्यांच्या मागोमाग. लहानपणी मला याची लाज वाटायची. एकदा रागानं विचारलंही होतं, "तुमी पुढं काहून बसत न्हाई?"

"पुढच्यानं सोडलेलं कोनी धरायचं मग?"

त्या दिवशी निघताना म्हणाले, "गुरुवारी भजनाला येत जा ना. माझ्या बाजूला बस. मला आता धाप लागून राहिली."

"पुढच्या गुरुवारी नक्की."

मग दुकान, लग्नसराई, गिऱ्हाईक.
पुढचा गुरुवार किती वेळा म्हणालो, मलाच आठवत नाही. एकदाही गेलो नाही. नालायकपणा माझा, दुसरं काय.

काल तेरावं झालं.

संध्याकाळी मंडळ अंगणात बसलं. किसनकाकांनी पहिली ओळ म्हटली आणि सवयीनं थांबले.

मागून कोणी उचललीच नाही. बाकीचेही बाबांच्याच आवाजाची वाट बघत राहिले.

नुसते टाळ वाजत होते. काकांनी मान वळवून बाबांच्या जागेकडं पाहिलं. तिथं मी बसलो होतो.

ओळ मला पाठ होती. लहानपणापासून पाठ आहे.
तोंड उघडलं. आवाजच फुटला नाही.

काकांनी डोळे पुसले आणि स्वतःचीच ओळ स्वतःच उचलली.

आज गुरुवार आहे, बाबा.
दुकान बंद ठेवलंय. भजनाला आलोय, तुमच्या बाजूला बसायला.

माफ करा. शेवटचा रामराम घ्या.