समोरच्या बंद फ्लॅटमधले शिंगाडे

भूत-बित म्हटलं की मी हसणाऱ्यांपैकी. अजूनही हसतेच... फक्त हा एक किस्सा सोडून.

भंडाऱ्यात आम्ही फ्लॅट घेतला तो मुलीसाठी, चिऊसाठी. खाली उतरलं की मार्केट, पलीकडे बाग, आणि चांगली शाळा चालत जाण्याइतकी जवळ — जाहिरातीत लिहिलेलं चक्क खरं निघालं. पण आम्ही दोघंही नोकरीवाले, आणि शाळा दुपारी सुटते. म्हणून करडीहून सासूबाईंना आणलं. त्यांचं मन काही रमेना.

"मले गावाले नेऊन दे ना माय. दारं लावून बसतेत सारे, बोलाले कोनी नाही," रोजचं एकच.

त्या गेल्या असत्या तर माझी नोकरी सुटली असती, नाहीतर चिऊची शाळा.

मग एकदम तक्रार बंद. समोरची बाई दुपारी येऊन बसते म्हणे! मला हायसं वाटलं... पण समोरचा फ्लॅट तर पहिल्यापासून बंद. मालक पुण्याला, कुलपावर धूळ. वर-खाली विचारून आले, आमच्याकडे कोणीच येत नव्हतं. म्हटलं, जाऊ दे, वय झालंय.

एप्रिलमध्ये सासूबाईंनी वडे केले आणि तिला वाटीभर दिले. आमच्याकडे शेजारची वाटी रिकामी परत करत नाहीत, चिमूटभर साखर तरी घालतात. संध्याकाळी ओट्यावर वाटी होती. माझीच, माझं नाव कोरलेली. आत हिरवेगार शिंगाडे. ओले, शेवाळ चिकटलेलं, चिखलाचा वास.

एप्रिलमध्ये शिंगाडे? मार्केटमधली शिंगाडेवाली हसलीच. "आता कायचे शिंगाडे बाई? बोड्या सुकून राहिल्या, दिवाळीले या."

आमचे हे म्हणाले, आपली बिल्डिंगही अशीच एक बोडी बुजवून उभी केली आहे. असेल. गावोगावी अशी लहान तळी बुजवतात. त्यानं काय सिद्ध होतं?

पण घरात लेकरू आहे. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. सासूबाई शिंगाडे सोलत बसल्या होत्या, तिथंच म्हटलं, "आई, समोर कोणीच राहत नाही."

"मले मालूम हाय."

"अगं बाई! मग भीती नाही वाटत?"

"काहून वाटन? तुमी सकाळी जाता, संध्याकाळी येऊन मोबाइल पायता. जेवली का म्हनून मले थेच इचारते."

मला लाज वाटली.

शिंगाडे कुठून आले, मला आजही सांगता येत नाही. कोणाला सुचलं तर जरूर सांगा. सासूबाई राहिल्या, चिऊची शाळा सुरू आहे. मी आता रोज ऑफिसातून फोन करते, "आई, जेवलात का?"

"जेवलो ना, दोघीजनी."

तेव्हा चिऊ शाळेतच असते.