काचा खाली, एसी फुल्ल

आमच्या गल्लीत नवरदेवाच्या गाडीचा एक नियम आहे. एसी फुल्ल पाहिजे आणि चारही काचा खाली पाहिजेत. एसी यासाठी, की भर मे महिन्यात नवरदेवानं जाड शेरवानी घातलेली असते. काचा यासाठी, की तो दिसलाच नाही तर वरात काढायची कशाला? पुढे डीजे, डीजेपुढे नाचणारी मंडळी, मागे मुंगीच्या पावलांनी सरकणारी गाडी, आणि गाडीतली सगळी गार हवा कारंजा तालुक्याच्या आभाळात. हा नियम कोणी केला ते मला माहीत नाही. पण ज्या गाडीवर तो दर लग्नसराईत चालवला जातो ती गाडी माझी आहे, म्हणून मी बोलणार.

गाडी जुनी, दुसऱ्याच्या हातची. मी कारंज्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. हौसेला गाडी घेण्याइतका मी शौकीन नाही. घेतली ती आईसाठी. आईच्या किडन्या कामातून गेल्या आणि ठरलेल्या दिवशी तिला डायलिसिसला अकोल्याला नेणं सुरू झालं. या आजारात सगळ्यात वाईट काय असेल तर तहान. प्यालेलं पाणी अंगातच साठतं, छातीत चढतं, म्हणून पाणी मोजून प्यायचं. बाहेर आग ओकणारा उन्हाळा आणि घरात माणूस घोटाघोटाचा हिशेब करतोय. तापलेल्या गाडीत तिचे ओठ सुकून पांढरे पडायचे. मागायची मात्र काही नाही. रस्त्याकडेच्या पाणपोईचे रांजण दिसले की मान वळवून मागे जाईपर्यंत पाहत राहायची. एसी चालू असला की तिला तहान कमी लागते. इतकं साधं आहे ते. आमच्या घरी एसी ही चैन नव्हती, तिच्या गोळ्यांच्या डब्याशेजारी ठेवण्याची वस्तू होती.

गल्लीत हे कोणाला ठाऊक नव्हतं. डायलिसिस सगळ्यांना माहीत, तहान कोणालाच नाही. आईनं सांगितलंच नव्हतं. शेजारच्या बाया आल्या की ती सगळ्यांना चहा द्यायची आणि स्वतः म्हणायची, ‘माहा आत्ताच झाला.’ बिचारेपणा तिला आयुष्यात कधी जमला नाही.

तर असा हा एसी, आणि अशी ही आमची गल्ली. विहारापासून पिंपळापर्यंतच्या सगळ्या घरांत चारचाकी एकच. त्यामुळे लग्न कोणाचंही असो, नवरदेव आमच्या दारातून निघणार हे ठरलेलं. मी कुरकुरलो की आई म्हणायची, ‘माह्या लग्नात तुह्या बापानं दुसऱ्याचा ट्रॅक्टर मागतला होता. ऐन वख्ती देल्ला नाई त्यानं. पायी आलो आमी. आता आपल्या पोराईले कोनाच्या दारी जा लागत नाई, त तुले जड जाऊन राह्यलं का?’ मी चावी द्यायचो.

यंदा चुलतभावाच्या वरातीत गाडी गेली ती थेट मेल्यासारखी परत आली. बॉनेटमधून जळका वास. चुलतभावानं चावी टेबलावर टाकली आणि वर मलाच ऐकवलं, ‘दादा, तुह्या एसीत दम नाई बाप्पा. मधातच गरम हवा फेकून राह्यला होता.’ दम नाही म्हणे! उभ्या गाडीत तासन् तास एसी ओढला, पुढचा पंखा जळून गेला, त्याच्यापायी कम्प्रेसरही बंद पडला, आणि दम नाही माझ्या एसीत. नवीन नवरा म्हणून मी जीभ आवरली. नाहीतर त्याच्या सासरकडच्यांसमोरच त्याचा सत्कार केला असता.

कारंज्यात एसीचं काम करणाऱ्या मिस्त्रीकडे गेलो. त्यानं बॉनेट उघडलं, वाकलाही नाही, आणि निकाल दिला. ‘आख्खा कम्प्रेसर बदला लागते. पन आता नाई. लग्नसराई होऊ द्या.’

मी म्हटलं, ‘घरात पेशंट आहे हो.’

‘सगळ्याइच्याच घरी पेशंट हायेत, भाऊ.’

त्याच्या दारात रांगेनं उभ्या होत्या त्या सगळ्या नवरदेवांच्या गाड्या होत्या. हार सुकलेले, बॉनेटवर कुंकू. म्हणजे वरातींनी मोडायचं, वरातींचं आधी दुरुस्त करायचं, आणि आजारी माणसानं लग्नसराई संपेपर्यंत दम धरायचा. मी तिथून निघालो तेव्हा माझे कान तापले होते.

त्यानंतरची अकोल्याची खेप मी विसरणार नाही. परतीच्या वाटेवर दुपार होती, उघड्या खिडकीतून भट्टीसारखी हवा येत होती. आरशात पाहिलं तर मागच्या सीटवर आईनं बाटलीतल्या पाण्यात पदराचं टोक बुडवलं होतं आणि लहान मूल चोखतं तसं ती ते चोखत होती. मी पाहतोय हे कळल्यावर तिनं पदर मांडीवर टाकून नीट केला. त्या क्षणी मी ठरवलं, की मिस्त्री गेला खड्ड्यात, हे काम मीच करणार.

आई मशीनवर असते तेव्हा मला तसंही बाहेर बसून राहण्याशिवाय काम नसतं. पुढच्या खेपेला मी अकोल्यातली स्पेअर पार्टची दुकानं पालथी घातली. फोनवर व्हिडिओ पाहून पाहून मला एवढं कळलं होतं, की आख्खा कम्प्रेसर बदलायची गरज नाही. एसीचं बटन दाबलं की कम्प्रेसरच्या तोंडाशी एक चुंबक चालू होतो आणि समोरची चकती ‘टक्’ करून ओढून घेतो. त्या चुंबकाची कॉइल जळली होती. ती बदलायला गॅसच्या नळ्या सोडाव्या लागत नाहीत, त्यामुळे घरी जमण्यासारखं काम. एक कॉइल आणि एक पंख्याची मोटर घेऊन आलो. दुकानदारानं विचारलं, ‘मिस्त्री कोन?’ मी म्हटलं, ‘मीच.’ तो ज्या नजरेनं हसला ती नजर मी घरापर्यंत उराशी धरून आणली. रागानं काम चांगलं होतं.

पत्र्याच्या शेडखाली गाडी लावली, पुढचा बंपर उतरवला. आईनं बाज ओढून जवळच घेतली आणि पाना, पक्कड ठेवायला परात दिली. बॉनेट उघडलं की आमच्या गल्लीत जत्रा भरते. ज्यांनी कधी सायकलची चैन बसवली नाही ते सल्ला देत होते. ‘पह्यले गॅस चेक कर.’ ‘अरे, बॅटरी काढ बॅटरी.’ ‘काहून पैशे वाचवून राह्यला, मिस्त्रीले दे.’ एकानं तर आईलाच सांगितलं, ‘मावशी, गाडीले आता भंगारात घाला लागते, पाय.’ एकाचाही हात पाना धरायला पुढे आला नाही. उन्हानं पत्रा तडतडत होता, घाम डोळ्यांत जात होता, आणि माझ्या पाठीमागे ही सगळी वरात न बोलावता उभी.

पंख्याची मोटर सरळ बसली. कॉइलनं मात्र परीक्षा पाहिली. बेल्ट सैल केला, मधला नट सोडला, चकती निघाली, पुली धरून ठेवणारी स्प्रिंगची कडी काही केल्या निघेना. निघाली ती उडून माझ्या कपाळावर बसली. मागे हशा पिकला. जळलेली कॉइल काढली तेव्हा ती कोळशासारखी काळी होती. मी ती उंच धरून सगळ्यांना दाखवली, म्हटलं, ‘हे पाहा तुमच्या वरातीचं पुण्य.’ कोणाला लागलं नाही. निगरगट्टपणाचं पीक आमच्याकडे सोयाबीनपेक्षा जोमात येतं.

नवी कॉइल बसवली, सगळं उलट्या क्रमानं लावलं, गाडी चालू केली, तर खरखर खरखर. चकती पुलीला घासत होती. परत मागून, ‘सांगतलं होतं ना!’

आई बाजेवरून म्हणाली, ‘परातीत काई उरलं का ते पाय आंदी.’

परातीत कागदासारखी पातळ एक रिंग चिकटून बसली होती. चकती आणि पुली यांच्यात केसाएवढं अंतर राहावं म्हणून घालायचा तो वायसर. परत खोललं, घातला, आवळलं. बटन दाबलं. ‘टक्.’ पंखा फिरला. आई गाडीत येऊन हवेच्या जाळीसमोर तोंड नेऊन डोळे मिटून बसली. मी इतकी वर्षं मुलांसाठी प्रयोग मांडतोय, पण कुठलाच प्रयोग सिद्ध झाल्यावर मला रडू आलं नव्हतं. त्या दिवशी आलं.

आणि त्याच संध्याकाळी दोन घरं सोडून राहणारे काका आले. बापाचे जुने सोबती, शेतमजुरी करणारे, सरळ माणूस. ‘जय भीम’ झालं, पाणी झालं. मग म्हणाले, ‘पोराचं लगन हाये उद्या. गाडी दुरुस्त झाली म्हने.’

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वरात. तिसऱ्या दिवशी सकाळी अकोला. मी तोंड उघडण्याच्या आत आई म्हणाली, ‘घेऊन जा ना भाऊजी. इचारा लागते का?’

ते गेल्यावर मी तिच्यावर ओरडलो. कधी नव्हे ते ओरडलो. ती एवढंच म्हणाली, ‘दारी आलेल्या मानसाले नाई म्हनू का?’ मी चडफडत बाहेर गेलो, आणि गाडीजवळ उभं राहिल्यावर मला सुचलं, की आता मला ही गाडी कळते. बॉनेटखालच्या डब्यात एसीचा रिले असतो, आगपेटीच्या अर्ध्याएवढी काळी चौकोनी डबी. तो उपटला की पंखा वारा फेकतो, पण कम्प्रेसर चालू होत नाही. मी तो उपटला आणि खिशात घातला.

वरातीत मीही होतो. नवरदेवाच्या कानशिलांवरून घामाच्या धारा. काचा खाली होत्याच. मला वाटलं होतं मजा येईल. पण लोक बोलायला लागले. ‘घरीच ठोकपीट केली ना यानं, बिगडवून ठेवला.’ ‘मिस्त्रीचं काम मिस्त्रीनं करा.’ चुलतभाऊ तर डीजेच्या वर आवाज चढवून सांगत होता, ‘मले तवाच ठाऊक होतं!’ माझ्या हातचं एकमेव चोख काम, आणि मी स्वतःच त्याची माती केली होती, वर खुलासाही करता येत नव्हता. रिले खिशात टोचत होता. असा तोंड दाबून बुक्क्यांचा मार मी जन्मात खाल्ला नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिले जागेवर घातला. आई माझ्या शेजारी पुढे बसली, गार हवा सुरू झाली. मी काचा वर करायला लागलो तर तिनं माझा हात धरला.

‘खालीच राहू दे. गल्लीच्या भाईर जाऊ दे पह्यले.’

म्हणजे तिला सगळं कळलं होतं. काचा बंद दिसल्या असत्या तर एसी चालू आहे हे गल्लीला कळलं असतं, माझी लबाडी उघडी पडली असती. माझी अब्रू राखायला ती सकाळच्या चढत्या उन्हात काच उघडी ठेवून बसणार होती. मला माझाच संताप आला, तिचा आला, सगळ्यांचा आला.

पिंपळापाशी काका उभे होते. त्यांनी हात केला, मी थांबलो. जवळ येऊन त्यांनी आईच्या खिडकीवर हात टेकले. ‘वहिनी, काल लय काम पडलं गाडीचं. एसीचं मनावर घेऊ नका, पोरगं शिकते हळूहळू...’ बोलता बोलता ते थांबले. त्यांचा हात आतल्या हवेच्या जाळीसमोर आला होता. त्यांनी हात उलटा करून परत हवेत धरला.

‘हे तं चालू हाये.’

‘आहे,’ मी म्हणालो. माझा आवाज चढला. ‘कालही चांगला होता. मी बंद केला होता. काय म्हणायचं ते म्हणा.’

काका माझ्याकडे पाहतच राहिले. आता त्यांच्या तोंडातून काय निघेल म्हणून मी दात आवळून बसलो. तेवढ्यात आई बोलली, माझ्याकडे न पाहता, खाली मान घालून.

‘मले पानी पेता येत नाई, भाऊजी. लय तहान लागते. गार हवेत लागत नाई.’

काकांनी खिडकीवरचे हात काढून घेतले. मग माझ्याकडे पाहून इतक्या जोरात खेकसले की पिंपळाखालची माणसं वळली, ‘काच वर घे ना बे! हवा चालली सगळी.’

मी काच वर केली. गाडी डांबरी रस्त्याला लागली. सगळा उन्हाळा मी मिस्त्रीवर, चुलतभावावर, आख्ख्या गल्लीवर जळत होतो, आणि जे बोलायचं होतं ते एवढंसंच होतं.

‘हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?’ मी ओरडलो. ‘गाडी न्यायला येत होते तेव्हा का नाही सांगितलं?’

‘गाडीचंच इचारलं त्याइनं,’ आई म्हणाली. ‘माहं कोनं इचारलं?’ आणि तिनं हवेची जाळी आपल्या तोंडाकडे वळवून घेतली.