उत्तरासाठी थांबणारे साडू

प्रश्न विचारून त्याच्या उत्तराची खरोखर वाट पाहणारा माणूस मी पन्नास वर्षांत एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आपण "काय, बरं आहे ना?" असं विचारेपर्यंत दोन पावलं पुढे गेलेलो असतो. साडू पुढे जात नाहीत. ते हातातली पिशवी खाली ठेवतात आणि समोरच्याकडे पाहत उभे राहतात. तो "हो" म्हणतो. साडू तरी उभेच. मग त्या माणसाला वाटतं, आपण काहीतरी लपवतो आहोत, आणि तो गुडघ्याचं दुखणं काढतो. अशी किती गुडघ्यांची दुखणी साडूंच्या पोटात जमा आहेत ते मी मोजलेलं नाही. बाकी बरंच मोजलं आहे, कारण मी एका कारखान्याच्या वजनकाट्यावर काम करतो आणि आकडा दिसल्याशिवाय मला बोलवत नाही.

मासळी बाजारात त्यांच्याबरोबर जाणं हा वेगळाच अनुभव. एकदा त्यांनी कोळणीला सुरमई ताजी आहे का म्हणून विचारलं. "सकालचीच हाय, मास्तर," ती म्हणाली. साडू गप्प. त्यांना संशय नव्हता, त्यांचं फक्त ऐकून व्हायचं होतं. कोळणीने माशी वारली, पदर सारखा केला, शेजारणीकडे पाहिलं. नवव्या सेकंदाला ती म्हणाली, "बरं, कालची हाय. ती ठेव खाली. ही घे." आणि पाटीखालून दुसरी काढली. साडूंनी तिचे आभार मानले. मला तसं थांबणं आजवर जमलेलं नाही, कारण चौथ्या सेकंदाला मीच काहीतरी बोलून जातो.

माझ्या पुतणीच्या चहापोह्यांना मात्र त्यांना बोलावल्याचा आम्हाला पश्चात्ताप झाला. मुलाकडची मंडळी अंगणात गेली तेव्हा साडूंनी पुतणीला विचारलं, तुला काय वाटतं? तिची आई "तिला काय वाटायचंय" म्हणू लागली, तर साडूंनी नुसता तळवा वर केला. माझा भाऊ बोलला, पुन्हा तळवा. भिंतीवरच्या घड्याळात एक मिनिट दहा सेकंद गेले आणि पुतणी म्हणाली, मला नर्सिंग पुरं करायचंय. भाऊ साडूंशी चार महिने बोलत नव्हता. पुतणी आता अलिबागला नोकरीला आहे.

ही सवय त्यांना वर्षानुवर्षं शाळेत शिकवताना लागली. साडू आमच्याच गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. गेल्या वर्षी चौथीच्या त्यांच्या वर्गात एकतीस मुलं, त्यांत माझी धाकटी मीनल, आणि त्यांतच पूर्वा. जन्मताना पूर्वाला श्वास घ्यायला उशीर झाला होता. तेव्हापासून तिचं चालणं आणि बोलणं अडतं. शब्द आत तयार असतो, तो ओठांपर्यंत यायला वेळ लागतो. तोवर दुसऱ्या कोणीतरी उत्तर देऊन टाकलेलं असतं. आधीच्या तीन वर्षांच्या नोंदींत तिच्या नावापुढे 'उत्तर देत नाही' एवढंच होतं. साडूंनी वर्गात नियम केला. प्रश्न विचारला की सर्वांनी दोन्ही हात वहीवर ठेवायचे, बोट वर करायचं नाही. मध्येच कोणी उत्तर फोडलं, तर थांबणं पहिल्यापासून सुरू. पुरेसा वेळ गेला की ते एक नाव घेत. ते दर वेळी पूर्वाचंच असे असं नाही, पण दर वेळी ते तिचं असू शके.

पालकांची कुरकुर सुरू झाली. वर्ग मागे पडतोय, पनवेलकडे अशा मुलांची वसतिगृहासह शाळा आहे, तिथे तिला पाठवावं, असं शाळा व्यवस्थापन समितीत बोलणं निघालं. मी समितीचा सदस्य. हवेत बोलण्यापेक्षा मोजावं, म्हणून मी एक दिवस घड्याळ घेऊन वर्गात मागे बसलो. तीस प्रश्न, सरासरी बावीस सेकंद थांबणं. दिवसाला अकरा मिनिटं. वर्षाचे दोनशे वीस दिवस धरले तर चाळीस तास वीस मिनिटं. हा कागद मी सभेत वाचून दाखवला. साडू माझे, पण आकडा आकडा असतो.

साडूंनी कागद मागून घेतला, गुणाकार तपासला आणि बरोबर आहे म्हणाले. मग विचारलं, "या बावीस सेकंदांत बाकीची तीस मुलं काय करत होती, ते कुठे लिहिलंय?" ते मी लिहिलं नव्हतं, पण पाहिलं होतं. मीनलने पहिलं उत्तर खोडून दुसरं लिहिलं होतं, आणि दुसरं बरोबर होतं. हे मी सभेत सांगितलं.

अध्यक्ष म्हणाले, ते ठीक, पण मुलीच्या भल्याचं काय? पूर्वाची आई मिठागरावरून तशीच आली होती, पावलांवर मीठ वाळलेलं. तिच्यापुढे संमतीचा कागद होता आणि ती सही करण्याच्या बेतात होती. इतकी शिकलेली माणसं सांगतायत म्हणजे तसंच असेल, असा तिचा चेहरा. साडूंनी शेजारी बसलेल्या पूर्वाला विचारलं, "तुला तिकडच्या शाळेत जायचंय का?"

आणि थांबले.

"तिला काय कलतंय, मास्तर," आई म्हणाली. तळवा वर झाला. थांबणं पहिल्यापासून. अध्यक्षांनी चहा सांगितला. पुन्हा पहिल्यापासून. मग मीच न राहवून म्हणालो, ती नाही म्हणतेय बहुतेक. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दोन्ही हात टेबलावर ठेवले. हळूहळू सगळ्यांनीच ठेवले. पूर्वाची मान हलत होती, ओठ जुळत होते, सुटत होते.

"सोमवारी," ती म्हणाली. मग बऱ्याच वेळाने, "परिपाठ. माझा."

सोमवारी सकाळच्या परिपाठाला बातम्या वाचायची पाळी तिची होती. ती सोडून तिला कुठेही जायचं नव्हतं. आईने कागद परत सरकवला आणि म्हणाली, "सोमवारचं व्हऊंद्या. मंग बगू." ते बघणं पुढे कोणी काढलं नाही.

यंदा साडूंची बदली तळा गावच्या शाळेत झाली. पाचवीच्या वर्गावर नव्या बाई आल्या, तरतरीत, बोलायला भराभर. मला धाकधूक होती म्हणून दुसऱ्या आठवड्यात जाऊन दारात उभा राहिलो. बाईंनी अपूर्णांकांच्या बेरजेचा प्रश्न विचारला. एकतीस मुलांनी हात वहीवर ठेवले आणि ती गप्प बसली. बाई म्हणाल्या, एकालाही येत नाही? कोणी हललं नाही. साध्या प्रश्नाला सगळा वर्ग मुका, असं म्हणत बाई फळ्याकडे वळल्या, तेव्हा मीनल उठून म्हणाली, "येतं बाई. पण अजून झालं नाही." बाई खडू हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग दुसऱ्या बाकावरून पूर्वाचं उत्तर आलं.

संध्याकाळी मी साडूंना फोन करून सगळं सांगितलं. सांगताना माझा आवाज चढला असावा. त्यांनी शांतपणे विचारलं, उत्तर बरोबर होतं का? मी ते ऐकलंच नव्हतं. स्वयंपाकघरात जाऊन मीनलला विचारून आलो. चूक होतं. पूर्वाने छेदांचीही बेरीज केली होती.

"मग बाईंनी समजावून दिलं का?"

दिलं, मी म्हणालो. तिच्या बाकावर बसून, दोनदा.

तिकडे त्यांच्या खोलीत कुकरची शिट्टी झाली. तळ्याला ते एकटेच राहतात, स्वयंपाक स्वतःच करतात. "म्हणजे चाललंय पूर्वाचं," ते म्हणाले, आणि भात उतरवायला गेले.