नकाशावाली पुन्हा कड्यावर

जुन्या खेळाची नवी आवृत्ती निघाली की मी आधी नाक मुरडतो आणि मग खेळतो. नकाशावालीच्या बाबतीतही तेच झालं. हा कॉम्प्युटरवरचा खेळ. डोंगरात हरवलेल्या काफिल्याच्या शोधात निघालेली एक मुलगी, खांद्यावर दोर, हातात अर्धा फाटलेला नकाशा. वाटेत लुटारू, पडके पूल, पाण्यात बुडालेला किल्ला. तिचं खरं नाव परदेशी होतं. आम्हा भावंडांच्या जिभेवर ते बसेना, म्हणून आमच्या घरी ती नकाशावाली झाली. पहिल्यानंतर तिचे आणखी चार भाग आले आणि मी चारही खेळलो. शेवटच्यात तिला मोटारसायकल दिली तेव्हा मी आठवडाभर चिडून होतो. मग कंपनीनं सगळं पुसून टाकलं आणि तीच पहिली गोष्ट नव्यानं सांगायला घेतली. मी हिंगोलीतल्या एका कचेरीत कारकून, वय बेचाळीस, तरी निघाल्या दिवशीच खेळ डाउनलोड करून बसलो.

सुरू करायला मात्र हात होईना. पहिला भाग माझा एकट्याचा नव्हता, तो ताईचा आणि माझा होता.

ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिच्या टायपिंगसाठी वडिलांनी एक जुना कॉम्प्युटर आणला आणि खेळायला दोघांत मिळून रोज एक तास दिला. अर्धा अर्धा तास वाटून घेतला की घड्याळावरून मारामारी. शेवटी ताईनंच तोड काढली. दोघांनी एका खुर्चीत दाटीवाटीनं बसायचं. बाणांची बटणं तिची, उडीचं आणि दोराचं माझं. ती पळवणार, मी उडवणार. कडा जवळ आला की ती नुसतं "हं" म्हणायची आणि मी बटण दाबायचो. जरा उशीर झाला की नकाशावाली दरीत आणि ताईचा चिमटा माझ्या दंडावर. वर्षभर आम्ही असेच खेळलो. एकट्यानं कसं खेळतात हे आम्हाला माहीतच नव्हतं.

ताईचं लग्न ठरलं तेव्हा आम्ही शेवटच्या घळीत पोचलो होतो. हळदीच्या दिवशी मामांना आहेर मांडायला टेबल हवं होतं. ते दारात येऊन उभे राहिले तेव्हा नकाशावाली दोन्ही हातांनी कड्याला लटकलेली होती. त्या खेळात कुठल्याही क्षणी डाव जपून ठेवता यायचा. ताईनं पिवळ्या बोटानं बटण दाबून तो तसाच जपला.

"मी आल्यावरच पुढं," ती म्हणाली. "एकट्यानं खेळलास तर बघ."

"न्हाई खेळत," मी म्हणालो.

ती सासरी, शिरड शहापूरला गेली आणि मी महिनाभरही थांबलो नाही. दोन्ही हात माझेच झाल्यावर ती घळ अर्ध्या तासात पार पडली. नकाशावाली काफिल्याची घंटा घेऊन आपल्या गावी परतली, तिच्या आईनं दार उघडलं, खेळ संपला. मला आनंद काही झाला नाही, चोरून खाल्ल्यासारखं वाटलं. पंचमीला ताई माहेरी आली. चप्पल काढता काढताच तिनं विचारलं, "नकाशावाली कशी हाय?" मी म्हणालो, "सीडी खराब झाली. चालतच न्हाई." ती जराशी थांबली, "असू दे" म्हणाली आणि आत आईकडे गेली. पुढे तो कॉम्प्युटरही विकला. ते खोटं मात्र मी पंचवीस वर्षं सांभाळलं.

यंदा उन्हाळ्यात दाजी हळद घेऊन हिंगोलीच्या बाजारात आले. गाड्यांची रांग लांब, नंबर यायला दोन-तीन दिवस लागणार होते. दाजी गाडीपाशी थांबले आणि ताई आमच्याकडे आली. बायको मुलांना घेऊन तिच्या माहेरी गेली होती. मी रजा टाकली, कूलरमध्ये पाणी भरलं आणि दुपारी लॅपटॉप ताईसमोर ठेवला.

"ही आपली नकाशावाली?" ताई वाकून बघत म्हणाली. "लई वाळली रे. जेवत न्हाई का काय?"

आम्ही जुन्या पद्धतीनंच बसलो, फक्त आता दोन खुर्च्या लागल्या. बटणं तिची, माउस माझा. आणि इथेच आमचं चुकलं. नव्या खेळात माउसनं नकाशावालीची नजर फिरते आणि जिकडे नजर तिकडे ती पळते. ताई सरळ पुलावरून पळवायची, मी आकाशातली घार बघायला माउस वळवायचो आणि नकाशावाली कठडा ओलांडून खाली. पहिल्याच पुलावरून आम्ही इतक्यांदा पडलो की खेळाला आमची दया आली. "सोपा करून देऊ का?" असं त्यानं पडद्यावर विचारलं.

"तू बघून कुठं राहिलास?" ताई कावली.

"वर घार हाय ना ती."

"घार काय करायचीय! सर तिकडं. दे तो माउस."

तासभर ती धडपडली आणि मग तिला जमलं. माझी ताई एकटी पळवत होती, एकटीच उडवत होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं होतं की मला भरून आलं. मला काम उरलं नव्हतं, मग मी टीका करत बसलो. डोंगर सुंदर केलेत, नाही म्हणणार नाही. नव्या नकाशावालीला धाप लागते, गुडघा फुटला तर पुढे लंगडते, अंधाराला भिते. जुनी कशालाच भीत नव्हती. पण ही बोलते किती! दार दिसलं की "अरे, दार आहे" म्हणते. जुनी मुकी होती, तिच्या वतीनं आम्हीच बोलायचो. शिवाय उडी चुकली तरी हिचा हात आपोआप कड्याला चिकटतो. आमच्या वेळी एक पाऊल मागं घ्यावं लागे, अंदाज बांधावा लागे. नाव तेच ठेवलं, पण जोखीम काढून घेतली, अशी माझी तक्रार होती. मी ती दोन दिवस ऐकवली आणि ताईनं दोन्ही दिवस दुर्लक्ष केलं.

तिसऱ्या दुपारी ती घळ आली. तिथं मात्र मी गप्प झालो. करणाऱ्यांनी तेवढी जागा हुबेहूब जुनी ठेवली होती. वाट दाखवणारा बाण नाही, आपोआप चिकटणारा हात नाही, आणि इतकी बडबड करणारी मुलगी कड्याला लटकल्यावर एक शब्द बोलेना. त्या एका घळीसाठी मी त्यांना मोटारसायकलसुद्धा माफ केली.

ताईनं बटणांवरून हात उचलले. "हितंच ठेवली व्हती आपण तिला."

पुढचा शेवट मी तिच्या शेजारी बसून पहिल्यांदाच बघतोय असं दाखवायचं, हे काही मला झेपणार नव्हतं.

"ताई, सीडी खराब झाली नव्हती ग. मी एकट्यानं खेळलो. तू गेल्यावर महिन्याच्या आत."

ती पडद्याकडेच बघत राहिली. "मंग? सुटली का ती?"

"सुटली. घरी गेली."

ती चिडेल म्हणून मी वाट बघत होतो.

"बरं झालं तवा सांगितलं न्हाईस," ती म्हणाली.

"काहून?"

"पयलं वर्ष लई वाईट गेलं रे. सासूबाईंचं ते बोलणं, हे दिवसभर रानात. मी मनात म्हणायची, ती पोरगी आपल्या घरी अजून लटकून हाय, तिनं हात सोडला न्हाई, मंग आपण काहून सोडावा? ती घरी गेली म्हणून सांगितलं असतंस ना, तर मी बी पिशवी भरून आले असते."

"यायचं होतंस ना ग," मी म्हणालो. "आमी काय नको म्हणलो असतो का?"

"नको नसतं म्हणलं कुणी," ताई म्हणाली. "पण कुणी विचारलं बी न्हाई."

पंचमीला ती चार दिवस राहिली होती. ते चारही दिवस मी खोटं उघडं पडू नये म्हणून तिला टाळत फिरलो होतो. तिचं तोंड उतरलेलं मला दिसलं होतं आणि ते सीडीमुळे आहे असं मी समजलो होतो.

मी लॅपटॉप बाजूला सारला. "ताई, तवा काय काय झालं, सांग मला."

ती पाय वर घेऊन खुर्चीत नीट बसली. तेवढ्यात तिचा फोन वाजला. नंबर लागला, पोती उतरवून राहिलो, लवकर ये, असं दाजी म्हणत होते.

"तुमी उतरवून घ्या," ताई म्हणाली. "मला उशीर व्हईल."

तिनं फोन लॅपटॉपशेजारी पालथा ठेवला आणि लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून सांगायला सुरुवात केली.