अण्णांचं इंदापुरातलं नाटक

अण्णा बारामतीला आले ते जावयाकडे राहायला. जावई कालव्याच्या खात्यात नोकरीला होते. अण्णा तंजावरचे. उभा जन्म त्यांनी कर्नाटकी गाणं गायलं होतं, पण घरात बोली मराठी, कारण पूर्वज कधीकाळी मराठा राजांबरोबर तिकडं गेलेले. पिढ्या उलटल्या तशी ती मराठी इकडच्या मराठीहून वेगळी झाली होती. 'कशाला'ला ते 'कसाला' म्हणत.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत गाणं शिकवत होते. पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले, "बाई, तिकडे राजांनी मराठीत संगीत नाटकं लिहिली. इकडच्या खेड्यांत ती कुणी ऐकली नाहीत. मी नेणार."

दर रविवारी आम्ही निघायचो. काटेवाडीला, निरवांगीला. मी पेटी घ्यायची, ते देवळात बसून गायचे. पोरं त्यांची मांडीवर ताल देण्याची नक्कल करायची. अण्णांना त्याचं काही वाटायचं नाही.

निरवांगीत ती भेटली. वांग्याचा मळा असलेल्या घरातली सून, जात्यावर गात होती. अण्णा वाटेतच थबकले. तिच्या सासऱ्यांना गाव तात्या म्हणे. देवाच्या नाटकात हिला गाऊ द्याल का, असं अण्णांनी हात जोडून विचारलं, तशी तात्या म्हणाले, "गाऊ द्या की. देवाचंच हाय न्हवं?"

हिवाळाभर ती शिकली. वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलेली जागा ती आपल्या वळणानं परत घ्यायची. अण्णांनी नाटकातल्या आईची पदं तिच्यासाठी ओवीच्या चालीत बसवली. एकदा तिनं वरचा स्वर असा लावला की अण्णा ताल द्यायचे विसरले. मग डोळे पुसत म्हणाले, "पुन्हा."

प्रयोग इंदापुरात, बाजाराच्या दिवशी दुपारी ठेवला. मांडव भरला होता. सूत्रधार अण्णाच. त्यांच्या पहिल्याच वाक्याला हशा पिकला. कुणीतरी "कसाला, कसाला" म्हणून ओरडलं. अण्णा थांबले नाहीत.

मग ती आली. पदाच्या दोन ओळी मांडव अगदी चिडीचूप होता. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात मागून आवाज आला, "अगं, चाळ बांध की!" शिट्ट्या सुरू झाल्या. तमाशात उधळतात तशी नाणी रंगमंचावर येऊन पडली. एक तिच्या पायाला लागलं. ती गप्प झाली.

पुढच्या रांगेतून तात्या उठले. "चल घरी."

"तात्या, पद पुरं होऊ द्या," अण्णा काकुळतीला आले.

"पुरं झालं, बुवा."

ते आवाज न चढवता बोलले. ती पदरानं तोंड झाकून त्यांच्यामागं गेली. अण्णांनी तिचीही पदं स्वतः म्हणून नाटक संपवलं. लोक उठून जात होते, मी पेटी वाजवत होते. ते थांबेनात, म्हणून मीही थांबले नाही.

पुढच्या रविवारी आम्ही माफी मागायला गेलो. तात्यांनी चहा दिला. "तुमच्यावर राग न्हाय. पर भरबाजारात आमच्या सुनंवर पैसं उधळलं. आता ह्या घरात गाणं नको."

"दळताना तरी?"

"न्हाय."

आतून नुसती जात्याची घरघर येत होती. मी आत जाऊन तिच्याजवळ बसले. तिनं वर पाहिलं नाही. म्हणाली, "बाई, दळाण लई जड लागतंय आता."

परतताना अण्णा एकच बोलले. "मी आलो नसतो तर ती गात राहिली असती." खोटं कसं म्हणू? त्यानंतर ते कुठं गेले नाहीत. घरीही गात नसत. मी जायची, तर पावसापाण्याचं बोलायचे. जावयाची बदली झाली, तेव्हा टांग्यात बसून निघून गेले. पुढं दूरच्या कुठल्या गावी ते वारल्याचं कानावर आलं.

बऱ्याच वर्षांनी तात्या वारले, तेव्हा मी मुद्दाम निरवांगीला गेले. ती मळ्यात वांगी तोडत होती. म्हटलं, "आता म्हण की एखादी ओवी."

तिनं इकडंतिकडं पाहिलं, तोंड उघडलं. स्वर घोगरा निघाला, वर चढेना. पुन्हा लावून पाहिला. मग तोंडावर पदर धरला.

"आता कुणी अडवत न्हाय, बाई. पर येतच न्हाय."

बाजाराला माल न्यायला गाडी यायची होती. ती पाटी उचलून पुढच्या वाफ्यात गेली.