आधी पहिली अट

ऐन हंगामात माझं द्राक्षांच्या ऑर्डरचं ॲप बंद पडलं. दुरुस्तीला नाशिकहून एक प्रोग्रामर दिंडोरीला आला. गिऱ्हाइकं फोनवर ओरडत होती आणि हा मान तिरकी करून, कोडमधल्या दोन अटी जोडणारी ‘आणि’ची चिन्हं ओळीच्या शेवटून उचलून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला मांडत होता.

“अरे बाबा, माल सडतोय!”

“काका, पहिली अट खोटी निघाली, की कॉम्प्युटर दुसऱ्या अटीकडे बघतसुद्धा नाही. ते वाचणाऱ्याला एका नजरेत दिसायला हवं.”

संध्याकाळी चिन्हं एका रांगेत उभी होती. गिऱ्हाइकं शेजाऱ्याकडे गेली होती.

चष्मा पुसत त्याने विचारलं, “काका, चहा मिळेल?”

“ॲप चालू झालं?”

“अजून नाही.”

“मग चहाकडे मी बघतसुद्धा नाही.”

“अगदी बरोबर!” तो खूश होऊन म्हणाला.

त्याच्या त्या खूश होण्याचा मला अजून राग येतो.